सापडकाकांची वही

बस आगाराच्या मागच्या अंगाला, टायरच्या गोदामाला लागून, हरवलेल्या वस्तूंची खोली होती. बसमध्ये कुणी काही विसरलं की कंडक्टर ते इथे आणून टाकायचे. छत्र्या, दप्तरं, चष्मे, काठ्या, एकेकटे हातमोजे आणि एकदा तर चक्क एक शिडी. शिडी घेऊन माणूस बसमध्ये चढला हे एक वेळ मानू, पण उतरताना ती विसरला कसा, यावर आगारात दोन वर्षं वाद चालला होता. या खोलीत एकतीस वर्षं बसलेल्या कारकुनाला सगळं आगार सापडकाका म्हणायचं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं.

महिनाअखेरीला सापडकाका निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी माणूस मिळणार नव्हता. आगाराच्या मोठ्या साहेबांनी सरळ दोन वाटा काढल्या. एआय मदतनिसाला हे काम जमलं तर ठीक. तो फोनवर आणि खिडकीतल्या पडद्यावर लोकांशी बोलेल, नोंदी शोधेल, आणि शिपाई फळीवरून वस्तू काढून देईल. नाही जमलं तर खोलीला टाळं. मग सात दिवसांत मालक आला नाही की वस्तू पोत्यात भरायची आणि भंगारात द्यायची.

भंगार हा शब्दही सापडकाकांना ऐकवत नसे. फळीवर त्या वेळी चारशेच्या आसपास वस्तू होत्या, आणि त्यांच्या मते त्यातली एकही टाकाऊ नव्हती. प्रत्येकीसाठी कुणीतरी कुठेतरी हळहळत बसलेलं होतं.

मदतनीस आला, आगाराने त्याला 'नवा कारकून' म्हणायला सुरुवात केली, आणि पहिल्याच चाचणीत नव्या कारकुनाने अब्रूचे धिंडवडे काढले. एका निवृत्त शिक्षिकेने निळ्या छत्रीची चौकशी केली. नोंदीत 'राखाडी छत्री' असं होतं, म्हणून त्याने तिला अदबीने नकार दिला. छत्री तिचीच होती. उन्हाने तिचा रंग उडून सात वर्षं झाली होती, पण बाईंच्या मनात ती निळीच होती. उलट, साहेबांनी मुद्दाम काही खोटे मालक पेरले होते, त्यातल्या एका मिशीवाल्या ड्रायव्हरने फळीवरचं घड्याळ आधी नीट बघून ठेवलं आणि फोनवर सांगितलं, "पांढरी तबकडी, तपकिरी पट्टा, सोनेरी कड." वर्णन तंतोतंत जुळलं. नव्या कारकुनाने घड्याळ त्याच्या हवाली केलं, आणि हा पठ्ठ्या ते मनगटावर मिरवत आख्ख्या आगाराला फेरी मारून आला.

"झालं ना समाधान?" साहेब म्हणाले. "यंत्राला अक्कल नाही. टाळं मागवतो."

"साहेब, त्याचं काही चुकलं नाही," मदतनीस बसवून द्यायला आलेली मुलगी म्हणाली. तिला सगळे संगणकवाली म्हणत. "त्याला जे लिहून दिलंय तसंच तो वागला." तिने एक कागद टेबलावर ठेवला आणि वाचून दाखवला. "'सदर वस्तूचे वर्णन नोंदवहीतील वर्णनाशी तंतोतंत जुळत असल्याची खातरजमा करून उपरोक्त नियमांस अधीन राहून आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी.' हे असे चौदा नियम आहेत. कुणी लिहिलेत हो हे?"

कागदाच्या तळाशी सापडकाकांचीच सही होती. बारा वर्षांपूर्वी वरून मागणी आली होती म्हणून त्यांनी ते लिहून दिलं होतं. भाषेचं फार कौतुक झालं होतं, चौकटीत घालून ते भिंतीवरही लागलं होतं.

"काका, तुम्ही हे पाळता?"

"मी? वेड लागलंय का मला!" काकांच्या तोंडून निघून गेलं. "असं वागलो असतो तर एकालाही त्याची वस्तू मिळाली नसती."

संगणकवाली हसली. "मग तुम्ही जसं वागता तसं लिहून द्या. साध्या भाषेत. माझ्या आजीला समजेल अशा."

साहेबांनी पंधरा दिवस दिले, तेही जिवावर आल्यासारखे.

त्या संध्याकाळी सापडकाका घरी नवी कोरी वही घेऊन बसले. त्यांची बायको घरातच शिवणकाम करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाचं पोलकं उसवून सैल कर, असं तिचं मशीन दिवसभर घरघरत असायचं. काकांनी पहिला नियम लिहिला आणि मोठ्या आवाजात वाचला. "सदर इसमाने चौकशी केली असता..."

मशीन थांबलं.

"काय झालं?" काका म्हणाले.

"कळलं नाही. सदर म्हणजे कुठला?"

"म्हणजे जो आलाय तो."

"मग 'जो आलाय तो' लिहा की. पुढे वाचा."

"...आवश्यक ती कार्यवाही करावी."

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे, जे करायचं असतं ते करायचं."

"अहो, ते काय ते तर सांगा! एकतीस वर्षं डबा भरून देतेय. तुम्ही तिथे करता काय हे मला अजून ठाऊक नाही."

हे काकांना लागलं. लागणारच. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तावातावाने सांगायला सुरुवात केली. "हे बघ, एक बाई आली. म्हणाली, माझी पर्स हरवली. रंग मी विचारतच नाही. माणसाला रंग आठवतो तो वस्तू घेतली त्या दिवशीचा. आकारही विचारत नाही, हळहळीत माणूस वस्तू मोठी करून सांगतो. मी एवढंच विचारतो, बाई, तिच्यात काय बिघडलं होतं? मग ती बरोबर सांगते, चेन अर्ध्यावर अडकते, आतला कप्पा फाटलाय, तिथे सेफ्टी पिन लावलीय. संपलं. ती तिचीच पर्स."

मशीन पुन्हा सुरू झालं होतं. काकांनी बोललेलं जसंच्या तसं वहीत उतरवलं.

"का पण?" बायकोने मान वर न करता विचारलं.

"काय का?"

"बिघडलेलंच का विचारायचं? त्या तुमच्या नव्या कारकुनाला कसं कळणार?"

"नियम आहे म्हणून विचारायचं."

"मी शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते, इथे दोन बोटं कापड जास्त ठेवा. नुसतं तेवढंच सांगितलं तर त्या रुमालालाही दोन बोटं ठेवतात. का ते सांगितलं की मग कुठे ठेवायचं आणि कुठे नाही, त्यांचं त्यांना कळतं."

काका एकतीस वर्षं हे करत आले होते, पण 'का' असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. बराच वेळ पेनाचं टोपण चावून त्यांनी लिहिलं: "चांगली बाजू कुणालाही बघून कळते. खरा मालक त्या वस्तूबरोबर राहिलेला असतो. त्यामुळे नुसतं बघून कळणार नाही असं काहीतरी त्याला ठाऊक असतं. आपल्याला तेच शोधायचंय."

मशीन थांबलं नाही. ते वाक्य राहिलं.

मग रोजचा हाच क्रम झाला. काका वाचायचे, मशीन थांबलं की वाक्यावर काट मारायचे. पहिल्या आठवड्यात सतरा 'सदर', नऊ 'उपरोक्त' आणि असंख्य 'करण्यात यावे' धारातीर्थी पडले. त्यांच्या जागी खोलीतलं खरं शहाणपण येऊ लागलं. "एकटा हातमोजा लवकर टाकू नये. दुसरा हातमोजा घरात असतो तोवर माणूस आशा सोडत नाही, महिन्या-दीड महिन्यानेही येतो." "काठी हरवलेल्याला 'येऊन घेऊन जा' म्हणू नये. काठीच नाही तर तो येणार कसा? कुणाला पाठवाल, असं विचारावं." "फळीवर वस्तू आहे असं आधीच सांगू नये, आणि नाही म्हणायचीही घाई करू नये. माणूस गांगरलेला असतो. थोडा वेळ थांबावं."

वही रोज सकाळी संगणकवालीकडे जायची आणि दुपारी प्रश्न घेऊन परत यायची.

"काका, नवा कारकून विचारतोय, थोडा वेळ म्हणजे किती?"

"थोडा म्हणजे थोडा! त्याला एवढंही कळत नाही?"

"नाही कळत. आणि खरं सांगू, मलाही नाही कळलं."

काका दिवसभर धुसफुसले. पण संध्याकाळी खिडकीशी आलेल्या एका माणसाला प्रश्न विचारून ते मनात आकडे मोजत राहिले. विसाच्या आसपास त्या माणसाचा चेहरा उजळला. काकांनी वहीत लिहिलं: "वीस आकडे मोजावेत." आणि त्यांना एकदम फार बरं वाटलं. आपण इतकी वर्षं रोज वीस आकडे थांबत होतो, हे त्यांचं त्यांनाच नवीन होतं. या खोलीत आपण नुसते बसून नव्हतो, काहीतरी येत होतं आपल्याला, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं, आणि घरी जाताना ते चक्क शीळ घालत गेले.

दहाव्या दिवशी वही साहेबांकडे गेली आणि लाल शाईने न्हाऊन परत आली. साहेबांनी काकांना बोलावून घेतलं.

"ही काय भाषा आहे, काका? 'बाई रडत असेल तर आधी रडू द्यावं.' हे कार्यालयीन कागदावर? कुणी बघितलं तर काय म्हणेल? आणि वस्तूचा रंग विचारू नये! रंग नाही विचारायचा तर ओळखायचं कशावरून?"

एरवी काका मान खाली घालून परतले असते. पण त्या दिवशी वहीवरच्या लाल रेघा बघून त्यांचं डोकं फिरलं. साहेबांचा थर्मास शेजारच्या खोलीत असतो, हे त्यांना माहीत होतं.

"साहेब, तुमचा थर्मास कुठल्या रंगाचा आहे?"

"हिरवा. का?"

"नक्की?"

"अहो, सहा वर्षं वापरतोय मी!"

"आणि त्यात काय बिघडलंय?"

साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "झाकणाचा आटा गेलाय. अर्धा फेरा उलटा फिरवून मग लावावा लागतो, नाहीतर गळतो. आणि तळाशी पोचा आहे, त्यामुळे टेबलावर डुगडुगतो."

काकांनी शिपायाला थर्मास आणायला सांगितला. झाकण, पोचा, डुगडुगणं, सगळं बरोबर होतं. हिरवा रंग मात्र हँडलच्या खाली बोटभर शिल्लक होता. बाकी सगळा थर्मास पत्र्याच्या रंगाचा झाला होता. साहेब त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिले. संगणकवालीने हसू लपवायला खिडकीबाहेर बघितलं.

"राहू दे ही भाषा," साहेब शेवटी म्हणाले. "पण परवाची चाचणी मी स्वतः बघणार."

"बघाच!" काकांना आता जोर चढला होता. "एक जरी चूक झाली तर लावा टाळं! एक वस्तू चुकीच्या हातात गेली, किंवा फळीवर असताना खऱ्या मालकाला नाकारली, तर मी स्वतः किल्ली आणून देतो!"

"ठरलं," साहेब म्हणाले. "आणि दिवसभर तुम्ही तोंड उघडायचं नाही."

घरी हे ऐकून बायकोने कपाळावर हात मारला. "तुमच्या जिभेला काही हाड? एक चूक तर तुमचीही होते महिन्याला!" हे काकांना रस्त्यातच आठवलं होतं, पण आता तीर सुटला होता.

चाचणीच्या दिवशी सकाळी आठला साहेब खुर्ची टाकून बसले. संगणकवाली पडद्याशी, शिपाई फळीपाशी आणि काका कोपऱ्यातल्या स्टुलावर, तोंडावर रुमाल दाबून. सगळं बोलणं कर्ण्यावरून खोलीत ऐकू येत होतं. त्यातले काही फोन साहेबांनी ओळखीपाळखीच्या लोकांना करायला लावले होते. कोण खरा, कोण खोटा, हे काकांनाही माहीत नव्हतं.

पहिलाच फोन एका आजोबांचा आला. काठी विसरले होते. नव्या कारकुनाने मुठीबद्दल विचारलं, आजोबा म्हणाले, मूठ सैल झालीय, सुतळी गुंडाळलीय. "काठी इथे आहे, आजोबा. तुम्ही येऊ नका, कुणाला पाठवाल ते सांगा," नवा कारकून म्हणाला. काकांनी रुमालाआडून साहेबांकडे बघितलं. साहेब टिपण घेत होते.

मग एकाने कॅमेऱ्याची चौकशी केली. त्याने काळा पट्टा सांगितला, चांदीसारखी कड सांगितली, कंपनीसुद्धा सांगितली. "त्यात काय बिघडलं होतं?" "बिघडलं? काहीच नाही. अगदी नव्यासारखा चालतो." फळीवरच्या कॅमेऱ्याचं बटण दोनदा दाबल्याशिवाय चालत नव्हतं, आणि आता नोंदीत तसं लिहिलेलं होतं. नवा कारकून वीस आकडे थांबला आणि म्हणाला, "आणखी काही आठवलं तर पुन्हा फोन करा. आत्ता मला तो देता येणार नाही." साहेबांनी एका नावावर फुली मारली, म्हणजे पाव्हणा खोटा होता. शिपायाने काकांना डोळा मारला.

दुपारपर्यंत एकही चूक झाली नाही. साडेतीनला फोन वाजला. पलीकडचा माणूस धापा टाकत होता.

"सकाळच्या बसमध्ये बुटांचं खोकं विसरलो हो. काळे बूट. पाचला मुलाखत आहे माझी."

"सावकाश सांगा. त्यात काय बिघडलं होतं?"

"बिघडणार काय? नवे आहेत! कालच घेतलेत!"

स्टुलावर काकांना दरदरून घाम फुटला. नव्या वस्तूबद्दल वहीत एक अक्षरही नव्हतं. एकतीस वर्षांत नव्या वस्तू आल्या नव्हत्या असं नाही, पण त्या वेळी आपण काय करायचो, ते काकांना लिहिताना सुचलंच नव्हतं. बुटांचं खोकं तर समोर फळीवर होतं. माणूस खरा असेल तर त्याला नाकारलं की संपलं. खोटा असेल तर दिलं की संपलं. सकाळचा कॅमेरावालाही हेच म्हणाला होता, नव्यासारखा आहे म्हणून. साहेब खुर्चीत पुढे सरकले. काकांनी रुमाल दातात धरला आणि मोजायला लागले. अठरा, एकोणीस, वीस.

"तुमचं बरोबर आहे," नवा कारकून म्हणाला. "नव्या वस्तूत काही बिघडलेलं नसतं. मग असं सांगा, खोकं बंद असताना कुणाला दिसणार नाही, असं त्यात काय आहे?"

काकांच्या दातांतून रुमाल सुटला.

"काय असणार? बूटच." मग एकदम, "थांबा! डाव्या बुटात मी मोज्यांची जोडी कोंबलीय. आणि उजव्यात एक चिठ्ठी आहे, माझ्या मुलीची. काय लिहिलंय ते नका विचारू, मी वाचलेली नाही. तिने बजावलंय, आत बोलावलं की मगच वाचायची."

नव्या कारकुनाने शिपायाला खोकं उघडायला सांगितलं. डाव्या बुटात मोजे होते. उजव्यात घडी घातलेला वहीचा कागद होता, वर वेड्यावाकड्या अक्षरात 'बाबा' लिहिलेला.

"तुमचे बूट इथे आहेत," नवा कारकून म्हणाला. "मागच्या फाटकाने या, ते जवळ पडेल."

पलीकडून कुणीतरी रडतंय की हसतंय ते कळलं नाही. काकांना मात्र दोन्ही एकदमच येत होतं, आणि तोंड उघडायची चोरी.

संगणकवालीने पडद्यावरची एक ओळ बोटाने दाखवली. तो प्रश्न का विचारला, त्याचं कारण नव्या कारकुनाने टिपून ठेवलं होतं: 'वहीत नव्या वस्तूसाठी नियम नाही. पण कारण लिहिलंय: खरा मालक वस्तूबरोबर राहिलेला असतो, नुसतं बघून कळणार नाही असं काहीतरी त्याला ठाऊक असतं. म्हणून तेच विचारलं.'

काकांनी ती ओळ वाचली आणि त्यांना मशीनवर वाकलेली बायको दिसली. घरी गेल्यावर आधी हे तिला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

चार वाजून पाच मिनिटांनी तो माणूस साध्या चपला घालून, धावत आला. बूट तिथेच चढवले, चिठ्ठी न उघडता खिशात ठेवली. "आभार कुणाचे मानू?" त्याने विचारलं. शिपायाने पडद्याकडे बोट दाखवलं, मग जरा विचार करून काकांकडेही दाखवलं. त्या माणसाने दोघांनाही नमस्कार केला आणि फाटकाकडे पळाला.

सहाला साहेबांनी कागद पुढे ओढला आणि नव्या कारकुनाने नाकारलेलं एकेक नाव शिपायाकडून फळीशी पडताळून घेतलं. तेवीस खरे मालक, पाच खोटे. एकही चूक नव्हती.

"बोला आता," साहेब काकांना म्हणाले.

काकांनी रुमाल काढला. दिवसभर बोलायचं खूप साठलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "पोरी, वही दे. नव्या वस्तूंचा नियम लिहायचा राहिलाय."

ते लिहीत होते तेव्हा साहेबही समोर बसून काहीतरी लिहीत होते. दोनदा त्यांनी 'सदर खोली' एवढं लिहून कागद चुरगाळला. तिसऱ्यांदा लिहिलेला कागद त्यांनी सही करून काकांच्या वहीवर ठेवला. त्यावर एकच ओळ होती.

'ही खोली बंद करायची नाही.'

सापडकाकांनी ती ओळ चार वेळा वाचली. समजायला मात्र एकदा वाचणं पुरेसं होतं.